लाटलेलं अळू

गोजराबाईंच्या हातून सव्वीस वर्षांत एकही वस्तू फुटली नव्हती. ज्या फुटल्या त्या आपल्या आपण फुटल्या. नाशिकच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेतली भांडी धुणं हे त्यांचं काम आणि चूक कबूल न करणं हा स्वभाव. गेल्या महिन्यात मोठा बीकर असाच आपोआप गेला, तेव्हा विभागप्रमुख ढुंढिराज सरांनी पीएच.डी. करणाऱ्या आभाला फैलावर घेतलं. गोजराबाई तेवढा वेळ मन लावून फरशी पुसत होत्या.

आभाचं संशोधन अळूच्या पानावर चाललं होतं. पानावर मेणाचे कण असतात, केसाच्या जाडीत शेकड्यांनी मावतील इतके बारीक. त्यामुळे थेंबाला पान धरताच येत नाही, तो गोल होऊन घरंगळतो. तसलेच कण हल्ली कारखान्यात बनवून काचेवर फवारतात. या दोघांत सरस कोण, एवढंच तिला बघायचं होतं. सरांच्या लेखी निकाल कधीच लागला होता. फवाऱ्याच्या बाटलीवर ‘नॅनो’ छापलंय म्हणजे बाटलीच सरस. "मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या अळूला कसली पीएच.डी.?" असं ते चारचौघांत म्हणत. शुक्रवारच्या चाचणीत पान हरलं, तर विषय बदलायचा आणि दोन वर्षांच्या कष्टांवर पाणी सोडायचं.

पानं गोजराबाईंच्या इंदिरानगरच्या घरामागची. एरवी आभा स्वतः जाऊन कापून आणायची, या वेळी तिला सवड नव्हती. "छान स्वच्छ पानं आणा हं," एवढंच ती म्हणाली.

शुक्रवारी तिने पानावर थेंब सोडला, तो मुकाट पसरला. दुसरा सोडला, तोही पसरला. काचेवरचे थेंब मात्र टुणटुणत पळाले. सर इतके खूश झाले, की त्यांनी स्वतःहून चहा सांगितला. आभा वहीत डोकं खुपसून बसली.

गोजराबाईंनी फडकं उचललं. फरशी तर सकाळीच पुसून झाली होती.

"साहेब, पानात खोट नाय," त्या म्हणाल्या. "मी ती घासून धुतली, शिरा तासल्या अन् वरून लाटणं फिरवलं."

"लाटणं? कशाला?" सरांनी विचारलं.

"अळूचं पान हाय. हाताला वड्यांची सवय."

सर खो खो हसले. "म्हणजे तुमचा निसर्ग एका लाटण्यात गार!"

आता मात्र बाईंचं डोकं फिरलं. "मग काचेलाबी घासा की!" असं म्हणत त्यांनी भांड्यांची घासणी काचेवर करकरून फिरवली, काच खळखळून धुतली. पुढचा थेंब काचेवर सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा पसरून बसला. मग त्यांनी पिशवीतून भोक पडलेलं, म्हणून वडीला बाद केलेलं, लाटणं न लागलेलं एक पान काढलं. त्यावरून थेंब असा निसटला, की सरांच्या बुटावर गेला.

"असं पान परसात आठवड्याला नवं येतं," गोजराबाई म्हणाल्या. "तुमच्या बाटलीला पिल्लं होतात का?"

सरांनी चहा संपवला आणि विषय बदलायचं काही काढलं नाही.

ते गेल्यावर गोजराबाई बराच वेळ एकच परीक्षानळी घासत राहिल्या. "म्याडम, तो बीकरबी मीच फोडला व्हता."

"माहीत होतं," आभा म्हणाली. "मी दारातच उभी होते."

"मग बोलला का नाय? माझ्यापायी शिव्या खाल्ल्या तुम्ही!"

आभा हसली आणि दुसरी नळी विसळायला घेतली. गोजराबाईंना रडू आलं, आणि नळीही हातून सुटली. "ही मी फोडली," त्या घाईघाईने म्हणाल्या आणि झाडू आणायला गेल्या.