मुखपृष्ठावरच्या आत्या

नळदुर्गच्या आमच्या वाचनालयातले जुने अंक रद्दीत काढायचं ठरलं आणि निवडीचं काम माझ्याकडं आलं. त्यात भयकथा-रहस्यकथांच्या मासिकांचे दोन गठ्ठे होते. आतला कागद हात लावला की तुटत होता, मुखपृष्ठं मात्र अजून भडक होती. कवट्या, विहिरी, रक्ताळलेले सुरे आणि जवळजवळ प्रत्येक चित्रात एक घाबरलेली बाई. मी ती भराभर बाजूला सारत होतो. एका अंकाशी थांबलो. हिरव्या साडीतली बाई दारात उभी, तोंड उघडं, खांद्यावर मागून आलेला हाडांचा हात. तिची डावी भुवई मधेच तुटलेली होती. तशी भुवई मी एकाच माणसाची पाहिली आहे.

रविवारी तो अंक घेऊन तामलवाडीला गेलो. आत्या ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. त्यांनी चष्मा लावला, अंक जवळ धरला, लांब धरला.

"कुठं घावला रं हा?"

"तुम्हीच आहात ना?"

"व्हय. तो हाडांचा हात तेवढा माझा न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. शिक्षिकेच्या कोर्ससाठी त्या पुण्यात खोली घेऊन राहत होत्या. माडीवर मुखपृष्ठं रंगवणारे एक गृहस्थ राहायचे. त्यांच्या बायकोनंच आत्यांना चित्रासाठी बसायची गळ घातली.

"ते म्हणायचे, घाबरा. मला लई हसू यायचं. एक रविवार वाया गेला. दुसऱ्या रविवारी म्हणाले, समजा दारात तुमचे वडील उभे आहेत. मग जमलं."

त्यांचे वडील म्हणजे माझे आजोबा. मला आठवतात ते शेंगा फोडून हातावर ठेवणारे. मी तसं म्हणालो. आत्या म्हणाल्या, "तुला नातू म्हणून आठवतात."

अंक निघाला तेव्हा त्यांचं लग्न ठरलं होतं. वर्षभर त्या धास्तीत होत्या. कुणी ओळखलं नाही. पुढं एकदा मामांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, न्हाव्याच्या दुकानातून हाच अंक वाचायला आणला.

"म्हणाले, ही बाई जराशी तुझ्यासारखी दिसती. मी म्हटलं, मी अशी दिसते व्हय? ते वाचायला लागले. वाचून झाल्यावर परत देऊन आले."

मामा जाऊन सहा वर्षं झाली. आत्यांनी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही.

तेवढ्यात आत्यांची नात बाहेर आली. तिनं मोबाइलवर मुखपृष्ठाचा फोटो काढला आणि आत्यांना विचारून घरच्या ग्रुपवर टाकला. मुंबईच्या भावानं साडी कुठली म्हणून विचारलं. दोघांनी नुसतेच हसरे चेहरे पाठवले. आत्यांनी सगळं वाचून घेतलं आणि सूप पुन्हा पुढं ओढलं. अंक ठेवून जाऊ का, म्हणून मी विचारलं.

"ठेव," त्या म्हणाल्या. "चित्र बरं काढलंय."