न्हाणीघरातली तेलाची किटली

माझे केस गळायला लागले तेव्हा घरात तेलाची टंचाई मुळीच नव्हती. फक्त ते सगळं डोक्यावर होतं, ताटात काही नव्हतं.

लग्न होऊन मी नागपूरहून बेंगळूरला आले ती नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. सासर राजाजीनगरात, तीन पिढ्या तिथेच रुजलेलं. कापडाचं दुकान होतं. घरात मराठी बोलत, पण अशी की पहिले दोन महिने मी नुसतं हो हो करत होते. 'स्वल्प थांब' म्हणजे जरा थांब, 'सरी' म्हणजे बरं आणि वाक्याशेवटचं 'मा' म्हणजे 'अगं', एवढं कळेपर्यंत मी बऱ्याच गोष्टींना होकार देऊन बसले होते. सासऱ्यांना सगळं घर अण्णा म्हणे आणि सासूबाईंना अक्का. नवरा बँकेत होता. घरातला कुठलाही वाद सुरू झाला की तो मनानं सुट्टीवर जाई.

देखाव्याचा मला कंटाळा आहे, असं मी तेव्हाही सांगत असे. माझी वेणी त्यातून वगळलेली होती. ती कमरेच्या खाली जात असे, मनगटाएवढी जाड होती, आणि नव्या गावात माझी म्हणून ओळखता येईल अशी तेवढी एकच गोष्ट मी बरोबर आणली होती. बाकी सगळं, भाषेपासून मिसळणाच्या डब्यापर्यंत, त्यांचं होतं.

मी येऊन दोन महिने झाले आणि अण्णांच्या छातीत दुखलं. चार दिवस दवाखान्यात राहून ते परत आले ते एक छापील इंग्रजी कागद घेऊन. त्यात आहार लिहिलेला होता. अण्णांनी कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "तेल बंद." अक्कांनी कागदाला हळदकुंकू लावलं आणि तो देवघरात बाळकृष्णाच्या मागे ठेवला. त्यानंतर रोज त्याला फूल मिळू लागलं.

आता या घराची एक रीत होती. आजारी माणसाला वेगळं शिजवायचं नाही. त्याचं जे पथ्य, ते सगळ्यांचं पथ्य. एकाला अळणी वाढून बाकीच्यांनी त्याच्यासमोर चमचमीत जेवायचं हे अक्कांना पाप वाटे. मलाही ही रीत आवडली होती. ती फार काळ चालणार आहे हे माहीत नव्हतं तोपर्यंत.

तेल गेलं. तूप गेलं. पाठोपाठ शेंगदाणे, खोबरं आणि तीळ गेले, कारण त्यांतही तेल असतं हे अक्कांना कुणीतरी सांगितलं. फोडणी कोरड्या कढईत होऊ लागली. मोहरी तडतडायची आणि थेट ओट्यावर उडी मारायची, जणू तिलाही या घरात राहायचं नव्हतं. मी माहेरून जवसाच्या चटणीची बरणी आणली होती. आमच्याकडे ती कच्चं तेल घालून भाकरीशी खातात. अक्कांनी विचारलं, "यात तेल असतंय का?" मी म्हटलं, जवस म्हणजे तेलबीच. बरणी माझ्या ट्रंकेत परत गेली.

पण घाण्यावरून आणलेला शेंगदाणा तेलाचा मोठा डबा शिल्लक होता. अक्का काही टाकून देणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी ते थोडं थोडं एका स्टीलच्या किटलीत काढलं आणि किटली न्हाणीघरात नेऊन ठेवली. दर शनिवारी घरातल्या प्रत्येकाच्या डोक्यावर ते कोमट करून थापलं जाई. "पोटात नको तर डोसक्यात जाऊ दे," अक्का म्हणत. "जातंय कुठं, आतच मुरतंय." खोबरेल असतं तर निदान वास तरी रीतीला धरून असता. सोमवारी बसमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईला भजी आठवत असावीत.

पाचव्या महिन्यात केस गळू लागले. आधी कंगव्यात, मग उशीवर, मग न्हाणीघराच्या जाळीवर. वेणी बोटाएवढी झाली. माथ्यावरचा भांग रुंद होत गेला. कोपरांची कातडी कोरडी पडून तिचा भुगा निघायचा.

कारणं मात्र भरपूर होती. शेजारच्या बाईंनी बोअरवेलच्या पाण्यावर बोट ठेवलं. अक्कांना दृष्ट दिसली, आणि पुड्यांमधला शांपूही दिसला. माझ्या आईनं नागपूरहून फोनवर सांगितलं की तिथली हवाच दमट. बेंगळूरची हवा नागपूरपेक्षा दमट म्हणावी तर कुठल्या महिन्यात, हे मी विचारलं नाही. गोंधळात भर घालायला अण्णा होते. बासष्ट वर्षांचे, आजारी, तेच बिनतेलाचं जेवणारे, आणि डोक्यावर केसांचं असं रान की न्हावी जास्त वेळ घेई.

मी पुस्तकं वाचणारी बाई. प्रश्न पडला की कुणीतरी त्याचा अभ्यास केलेला असेलच, असा माझा भाबडा समज. त्याच सुमाराला आमच्या समाजाच्या सभागृहात 'आहार आणि आरोग्य' यावर एका तज्ज्ञांचं व्याख्यान ठरलं. अण्णा, अक्का आणि मी पहिल्या रांगेत बसलो.

प्रास्ताविक व्याख्यानापेक्षा लांब झालं. मग तज्ज्ञांनी पडद्यावर आकृत्या दाखवल्या. स्निग्धाम्ल नावाचा, तेलातुपात असणारा प्रकार मी तिथे पहिल्यांदा ऐकला. काही संपृक्त, काही असंपृक्त. असंपृक्तांत पुन्हा एक आणि अनेक. त्यांतल्या काहींना ओमेगा हे ग्रीक अक्षर आणि मागे तीन किंवा सहाचा आकडा. मी वहीत लिहून घेत होते. दुसऱ्या पानावर माझ्या लक्षात आलं की पहिल्या पानावर जे वाईट होतं तेच मी दुसऱ्यावर चांगलं म्हणून लिहिलंय. नारळावर तज्ज्ञ विशेष रागावलेले होते. नारळ म्हणजे हृदयाचा वैरी, असं त्यांनी तीनदा सांगितलं. भाषण संपल्यावर अध्यक्षांनी त्यांचा शाल आणि नारळ देऊन सत्कार केला. त्यांनी तो नारळ दोन्ही हातांत धरून फोटो काढून घेतला.

प्रश्नोत्तरांत मी उभी राहिले. "डोक्याला लावलेलं तेल केसांना आतून मिळतं का?"

"ताई, अतिशय चांगला प्रश्न आहे," ते म्हणाले, आणि पुढच्याला बोलण्याची खूण केली.

बाहेर केसरीभात, म्हणजे तिकडचा केशरी शिरा, वाटत होते. तुपानं द्रोण मऊ पडले होते. अक्कांनी आम्हा तिघांचे द्रोण न खाताच परत दिले, आणि तज्ज्ञांना दुसऱ्यांदा घेताना पाहून म्हणाल्या, "यांचं पथ्य उद्यापासून असंल."

शेवटी मी मल्लेश्वरमच्या एका त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. लहानसा दवाखाना, भिंतीवर काहीही लावलेलं नाही. त्यांनी केस दोन बोटांत धरून हलकेच ओढले, कोपर पाहिलं, रक्त तपासायला सांगितलं. मग विचारलं, "तेल किती?"

"भरपूर लावते."

"खाता किती, ते विचारलं."

मी घराची रीत सांगितली. त्या लिहिता लिहिता थांबल्या.

"काही स्निग्धाम्लं शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत," त्या म्हणाल्या. "ती खावीच लागतात. शेंगदाण्यातून, तिळातून, जवसातून. अजिबात मिळाली नाहीत तर कातडी कोरडी पडते, केस गळू शकतात. वरून लावलेलं हे काम करत नाही."

"म्हणजे तेच कारण?"

"असेल. नसेलही. लग्न, नवीन गाव, घरात आजारपण. अशा धक्क्यानंतर तीन-चार महिन्यांनी पण केस जातात. मी खात्री देत नाही."

"आणि सासऱ्यांचे का गेले नाहीत?"

"ते त्यांच्या वडलांना विचारा," त्या हसल्या. "पण ऐका, माझ्या सांगण्यावरून हृदयाच्या पथ्यात हात घालू नका. त्या डॉक्टरांनी किती तेल लिहिलंय ते आधी वाचा."

कुणीतरी खात्री देत नाही म्हटल्याचा मला इतका आनंद कधी झाला नव्हता. पण घरी जाऊन करायचं काय? बरणी ट्रंकेत होती. संध्याकाळी मी अक्कांना विचारलं, मी माझ्यापुरतं थोडं जवस आणि तेल घेतलं तर चालेल का.

अक्का तांदूळ निवडत होत्या. "तुझ्यापुरतं?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"आज चटणी तुझ्यापुरती, उद्या भाजी तुझ्यापुरती. मग चूलच वेगळी कर म्हण ना, मा. अण्णा पानावर बसून बघत ऱ्हातील." त्यांनी आवाज चढवला नाही. नवरा वर्तमानपत्राची तीच बाजू पुन्हा वाचू लागला.

केसांसाठी घर फोडणारी सून व्हायचं नव्हतं. टक्कल पडलेली सूनही व्हायचं नव्हतं. यांच्या मधली जागा मला दिसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का देवळात गेल्यावर मी बाळकृष्णाच्या मागचा कागद काढला. कुंकवानं अर्धी अक्षरं लाल झाली होती. त्यात तळलेलं बंद होतं, वनस्पती तूप बंद होतं. आणि त्याखाली स्वच्छ छापलेलं होतं: खाद्यतेल, माणशी रोज तीन चमचे.

मी कागद घेऊन व्हरांड्यात गेले. अण्णा आरामखुर्चीत होते.

"अण्णा, यात तीन चमचे लिहिलंय."

त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही. "ठाऊक आहे."

"मग बंद का सांगितलंत?"

ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "तीन म्हटलं असतं तर अक्कानं सहा घातलं असतं. तिचा हात तुला ठाऊक नाही. आणि मला... दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर एक जण होता. तो घरी गेला नाही. बंद म्हटलं की बरं वाटत होतं."

इतके महिने मी ज्याला पथ्य समजत होते ती एका माणसाची भीती होती, आणि आम्ही सगळे ती रोज दोन वेळा जेवत होतो. रागावायचं ठरवून आले होते, तो राग कुठे ठेवावा कळेना.

"अण्णा, माझे केस—"

"बघतो की," ते म्हणाले. "न्हाणीघराच्या जाळीवरचा गोळा रोज सकाळी मीच काढतो. मला वाटलं, पाण्यानं असंल." मग स्वतःशीच म्हणाले, "वाटलं नाही. वाटून घेतलं."

मी कागद परत बाळकृष्णाच्या मागे ठेवला. जेवायला बसलो तेव्हा अण्णांनी ताटातली कोरडी भाजी बाजूला सारली. "सूनबाई, तुझं ते नागपूरचं काळं काय आहे ते आण."

अक्कांचा हात वाढता वाढता थांबला. "त्यात तेल असतंय."

"असतंय. मला खायचंय. कागदात तीन चमचे आहे, मी चुकीचं सांगितलं."

मी बरणी आणली. अण्णांनी चटणी वाढून घेतली, मग आजूबाजूला बघून विचारलं, "वर कच्चं तेल घालतात ना? कुठं आहे?"

तेल कुठे आहे हे सगळ्यांनाच माहीत होतं. अक्का न्हाणीघरात गेल्या, किटली घेऊन आल्या, तिच्याकडे बघून परत वळल्या आणि कपाटातून पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली नवी बाटली काढली. चमचा त्यांनी मोजून एकच भरला. अण्णांनी पहिला घास घेतला. आजारी माणूस जे खाईल ते सगळ्यांनी खायचं, ही रीत. अक्कांनी आधी माझ्या ताटात चटणी वाढली, मग तेल, आणि शेवटी स्वतःला. नवऱ्यानं न विचारता ताट पुढे केलं.

पुढे काही महिन्यांनी माझ्या भांगाशी बोटभर लांबीचे केस उभे राहिले, तेल लावूनही न बसणारे. अक्कांच्या मते ती त्यांनी बोललेल्या नवसाची कृपा. शेजारच्या बाईंच्या मते गल्लीत कावेरीचं पाणी आल्याची. माझी आई म्हणाली, जवस, दुसरं काय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असेल. वेणी पहिल्याएवढी जाड कधी झाली नाही, पण वेणी म्हणता येईल इतकी झाली. कशामुळे, ते मला अजून ठाऊक नाही. अण्णा पुढची बरीच वर्षं रोज तीन चमचे मोजून जेवले, आणि न्हाणीघराची जाळी साफ करायचं काम त्यांनी कुणालाच करू दिलं नाही. बाहेर येऊन ते कधी कधी रिकामा हात दाखवत आणि म्हणत, "आज काही नाही."