माझ्या नवऱ्याने कधी न सोडलेली दारू

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. प्रार्थनेतसुद्धा नाही — म्हणजे देवाला ठाऊक असणारच, पण माझ्या तोंडून कधी निघालं नाही. तुम्हाला सांगते. फक्त मधेच 'जाऊ दे गं' म्हणू नका. त्या शब्दांचा मला वीट आलाय.

आधी खरं आहे तेवढं सांगते. आई गेली आणि माझी झोप उडाली. अंधेरीतलं ऑफिस, घर, देवपूजा सगळं चालू होतं, पण आत नुसता भुसा. ऑफिसातली सुनीता ख्रिस्ती. एका रविवारी ती मला वाकोल्याला घेऊन गेली, एका शाळेच्या वरच्या हॉलमध्ये. प्लास्टिकच्या खुर्च्या, ढोलकी, मराठी गाणी. कुणी मला काही विचारलं नाही. मी मागे बसून रडले आणि घरी येऊन गाढ झोपले. चमत्कार वगैरे काही नाही हो. पण ती शांती खरी होती, तिच्यावर मी आजही संशय घेत नाही. पुढे बाप्तिस्मा घेतला. माझ्या नवऱ्याने, प्रकाशने, विरोध केला? छे! 'तुला बरं वाटतंय ना? मग जा की,' म्हणाला. स्वतः गणपतीला हात जोडणारा माणूस, पण दर रविवारी मला स्कूटरवरून सोडायचा आणि न्यायला यायचा. चहा सोडला तर कसलं व्यसन नाही.

आता घाण सुरू होते.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, साक्ष द्यायची पद्धत आहे. माइक घ्यायचा आणि प्रभूने आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. कुणाचा जुगार सुटलेला, कुणाचा पोरगा तुरुंगातून सुधारून आलेला — हॉल दणाणायचा, हालेलुया! मी उठले आणि म्हटलं, मला झोप लागायला लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण कशा? उरकल्यासारख्या. मला ते झोंबलं. का झोंबावं? शांती मिळाली होती ना? मग टाळ्या कशाला हव्या होत्या मेलीला?

पुढच्या वेळी माइक हातात आला आणि मी म्हटलं — माझा नवरा प्यायचा.

चुकून नाही आलं तोंडात. आदल्या दिवशी भाजी निवडताना वाक्यं जुळवली होती मी. प्यायचा, मारायचा, मी गुडघे टेकले, आणि त्याने बाटली सोडली. अख्खा हॉल उठून उभा राहिला. बायका गळ्यात पडून रडल्या. मीही रडले, खरं पाणी, बरं का! आणि तेव्हा तो खाली स्कूटरपाशी माझी वाट बघत उभा होता. शी! आठवलं की स्वतःच्या तोंडाची घाण वाटते. मग काय, घाटकोपरच्या सभेला बोलावणं आलं, बोरिवलीला आलं. पट्ट्याचा मार बोरिवलीत घुसवला मी. दर वेळी थोडं तिखट वाढवायचं, दुसरं काय.

एका नाताळाला मंडळीचं जेवण होतं, तेव्हा प्रकाश वर आला. एका म्हाताऱ्या ब्रदरनी त्याला मिठीच मारली. 'भाऊ, देवाने तुमची दारू सोडवली, केवढी मोठी गोष्ट!' सगळे कौतुकाने बघायला लागले. प्रकाशने माझ्याकडे बघितलं. त्याने नुसतं 'कसली दारू?' म्हटलं असतं तरी माझी वाट लागली असती.

तो म्हणाला, 'हो. त्याची कृपा.'

परतताना सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा त्याने मागे न बघता विचारलं, 'मारायचोसुद्धा का गं मी?' मी म्हटलं, 'असंच बोलतात रे तिथे.' पुढच्या रविवारी त्याने निमूटपणे स्कूटर काढली. फक्त त्यानंतर मला अलीकडच्या नाक्यावर सोडायला लागला. 'लोक बघतात ना,' म्हणाला. आणि मी? मी नाक्यावर उतरायला लागले. साक्ष देणं थांबवलं नाही.

मग काही वर्षांनी प्रकाश गेला. हार्ट अटॅक, ऑफिसातच. सुनीता भेटायला आली, आमच्या केतकीला जवळ घेतलं आणि मनापासून म्हणाली, 'तुझ्या आईने फार सोसलं गं. पण पप्पांना शेवटी प्रभूने बदललं.' तिचा काय दोष? तिला तेच माहीत होतं. केतकी मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. 'आई, पप्पा तुला मारायचे?'

तिथे माइक नव्हता, टाळ्या नव्हत्या. माझी एकुलती एक लेक होती आणि बाहेर तिच्या बापाच्या फोटोपुढे दिवा होता. 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण माझ्या डोक्यात काय आलं सांगू? ही सुनीताला सांगेल, आणि रविवारपर्यंत मंडळीत कळेल. मी म्हटलं, 'जुनं झालं गं ते. तू लहान होतीस.'

ती मला बिलगून रडली. सकाळपासून बापासाठी रडत होती पोरगी, आता माझ्यासाठी रडायला लागली. आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. कसला हात होता तो, थू!

रविवारी मी अजूनही जाते. गाणी सुरू झाली की शांती अजूनही मिळते, पहिल्यासारखीच. याची मला सगळ्यात जास्त किळस येते.

केतकी आता मुलुंडला असते. तिला मुलगा झाला. बारशाच्या आधी तिच्या सासूबाई हौसेने म्हणाल्या, 'आजोबांचंच नाव ठेवू या. प्रकाश. किती छान आहे!'

'ते नाव नको,' केतकी म्हणाली, आणि माझ्या बाजूला येऊन माझा हात घट्ट दाबला.

मीही तिचा दाबला.