सुई उडते त्या जागी

उजवा कानही आता फार दिवस साथ देणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, त्याच संध्याकाळी बाबांनी मला माळ्यावरून रेकॉर्ड काढायला लावली. तरुणपणी मिठागर सांभाळून ते खारी गावातल्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. त्या बँडची ही एकच रेकॉर्ड निघाली, आणि तिच्यात एक तुकडा बाबांचा एकट्याचा. मी जुना प्लेअर दुरुस्त करून आणला, शोकेसवर ठेवला. बाबांचा तुकडा सुरू झाला आणि सुई उडून पुढच्या गाण्यात पडली.

उडताना सुई चरा पाडते. दुसरी प्रत नाही. म्हणून ठरवलं, आधी हादरा शोधायचा, मगच सुई टेकवायची.

वहीत तीन कारणं लिहिली: लिफ्ट, रस्त्यावरचे डंपर, खालच्या मजल्यावरची घरघंटी. लिफ्ट आठवडाभर बंदच होती, तिच्यावर काट मारली. शोकेसवर पाण्याची वाटी ठेवली. डंपर गेला की पाणी थरथरायचं. मग खाली गेले.

"आंटी, चक्की कब चलाते हो?"

"सुबह. क्यों, आटा चाहिए?"

नको म्हटलं, तरी बाजरीचं पीठ घेऊनच वर आले.

केबिन रोडवरून रबरी चेंडू आणले, अर्धे कापून शोकेसवर मांडले. त्यांच्यावर ओट्याची उरलेली ग्रॅनाइटची फरशी, फरशीवर प्लेअर आणि वाटी. डंपर गेला, पाणी हललं नाही.

"एवढं तर देव्हाऱ्याला न्हाय केलंस," बाबा म्हणाले.

"देव उडत नाहीत, बाबा."

रविवारी दुपारी घरघंटी बंद, रस्ता मोकळा. रेकॉर्ड लावली. तुकडा सुरू होईपर्यंत वाटीतलं पाणी स्थिर होतं. मग ते ठेक्यात हलायला लागलं, आणि सुई उडाली.

मी खाली पाहिलं. बाबा दिवाणावर बसून त्याच्या फळीवर टाच आपटत होते. जागा वाचावी म्हणून आमच्या सुताराने दिवाण आणि शोकेस एकाच सांगाड्यात ठोकलेत. तसं मीच सांगितलं होतं.

"बाबा, पाय."

"काय झालं पायाला?"

"ताल देताय तुम्ही."

"पाय न्हाय हलला तर माणूस वाजवंल कसा?"

"वाजवायचं नाहीये. ऐकायचंय."

त्यांनी पाय वर घेऊन मांडी घातली आणि दोन्ही गुडघे हातांनी दाबून धरले. मी सुई टेकवली. चऱ्यांवर दोनदा खट् झालं, पण ती पुढे सरकली. तुकडा अख्खा वाजला. फार मोठा नव्हता.

"शेवटाला घाई केली मी," बाबा म्हणाले. "बँडमास्तर तेव्हाच बोलले होते. मी मानलं न्हाय."

मी सुई उचलली. एकदाच वाजवून रेकॉर्ड ठेवून द्यायची, असं मी ठरवलं होतं.

"परत लाव," ते म्हणाले. गुडघ्यांवरचे हात त्यांनी काढलेच नव्हते.

मी लावली.