भाग एकशे सत्तेचाळीसची टक्केवारी

"ही नावं काढायची आहेत," असं म्हणून साहेबांनी यादी माझ्या टेबलावर ठेवली. "शुक्रवारपर्यंत."

यादी जाड होती. वर पेन्सिलीने लिहिलेलं होतं, भाग १४७.

मी तेव्हा जळगाव जिल्ह्यातल्या एका तहसील कार्यालयात, निवडणूक शाखेत अव्वल कारकून होते. साहेब म्हणजे आमचे प्रांत. मतदार यादीचे मालक तेच. मतदारसंघाची यादी एकसंध नसते, तिचे तुकडे केलेले असतात. एका तुकड्याला आम्ही 'भाग' म्हणतो आणि साधारण एका भागाला एक मतदान केंद्र असतं. यादीतून नाव काढायचं असेल तर सात नंबरचा फॉर्म लागतो. माणूस वारला, कायमचा दुसरीकडे गेला, किंवा त्याचं नाव दोन ठिकाणी असलं, तरच तो भरता येतो.

"सर, कारण काय टाकायचं?" मी विचारलं.

"स्थलांतरित."

"सगळे?"

"मॅडम, तीन निवडणुका झाल्या, हे लोक मतदानाला आलेले नाहीत. म्हणजे तिथे राहत नसणार. नावं गेली की टक्का आपोआप वर येईल. वरून विचारणा झालीय."

विचारणा होणं बरोबरच होतं. प्रत्येक निवडणुकीआधी आम्ही मतदारसंघाचा एक तक्ता तयार करतो. कुठल्या भागात कोण राहतं, आधी मतदान किती झालं, कुठे कमी झालं आणि का. आमच्या मतदारसंघाचा निम्मा भाग जुनं गाव आणि निम्मा उपनगर. हायवेच्या पलीकडे पूर्वी कपाशीची शेतं होती, तिथे प्लॉट पडले आणि कॉलन्या झाल्या. एरंडोलकडून आलेले शेतकरी, यावलकडून बदलून आलेले शिक्षक, एसटीचे ड्रायव्हर, नवीन एमआयडीसीतले कामगार. गावाकडे शेत आणि इथे मुलांच्या शिक्षणासाठी दोन खोल्या, अशी बहुतेक घरं. जुन्या गावातल्या भागांचं मतदान बापजाद्यांपासून ठरलेलं असायचं. कुठल्या गल्लीत कोणाला पडणार हे पानटपरीवाला सांगायचा. उपनगराचं कोणालाच सांगता यायचं नाही. आणि त्यातला भाग १४७ तिन्ही वेळा सगळ्यात खाली.

आधीच्या दोन तक्त्यांत 'कारण' या रकान्यात एकच वाक्य होतं, 'मतदारांमध्ये उदासीनता आढळते.' खालची सही साहेबांची होती, वाक्य माझं होतं. पहिल्यांदा सुचलं म्हणून लिहिलं. दुसऱ्यांदा आधीच्या अहवालातून उचललं.

उदासीनतेवर उपायही झाले होते. शाळेच्या मुलांची प्रभातफेरी निघाली. रांगोळी स्पर्धा झाली. पथनाट्य झालं, त्यात एका शिक्षकाने लोकशाहीचं काम केलं होतं, साडी नेसून. टक्का एका बोटानेही हलला नाही.

"सर, घरोघर पाहून मग फॉर्म भरते," मी म्हणाले. "आठ दिवस द्या."

"चार."

चार दिवस घेतले.

पहिला दिवस मी ऑफिसातच काढला. मतदानाच्या दिवशी प्रत्येक केंद्रावरचा मुख्य अधिकारी, म्हणजे केंद्राध्यक्ष, दर दोन तासांनी आकडा कळवतो. पुरुष इतके, स्त्रिया इतक्या. कंट्रोल रूममध्ये फोनवर बसून तो आकडा रजिस्टरमध्ये लिहिणारी मीच. ती रजिस्टरं कपाटात होती. मी भाग १४७ची पानं काढून शेजारी शेजारी ठेवली.

आमच्याकडे बायकांच्या मतदानाची एक रीत आहे. सकाळी पुरुष येतात, कामावर जायच्या आधी. बायका स्वयंपाक, धुणं आटोपून अकरानंतर घोळक्याने येतात. सगळ्या भागांत हेच. भाग १४७मध्ये उलटं होतं. बायका यायच्या त्या सात ते नऊमध्ये. नऊनंतर एखाददुसरी. अकरानंतर रकान्यात शून्य, एक, शून्य. पुरुष मात्र दिवसभर थोडेथोडे येत होते.

तिन्ही वेळा तसंच. अक्षर माझं. लिहिताना मला काहीही दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मंगलताईंना बरोबर घेतलं. त्या तिथल्या अंगणवाडी सेविका आणि त्या भागाच्या बीएलओ. बीएलओ म्हणजे यादी घेऊन घरोघर जाणारा आमचा माणूस. मंगलताईंना मी यादी दाखवली तर त्या म्हणाल्या, "मॅडम, ह्यातले बठ्ठे इथेच आहेत की. पाचव्या नंबरच्या बाईने आत्ता मला चहा दिला."

"मग तुम्ही कधी सांगितलं नाही?"

"मला कोणी विचारलं नाही. मला म्हणाले, रांगोळीला बाया आणा. मी आणल्या."

आम्ही घरं घ्यायला सुरुवात केली. मंगलताई दार वाजवायच्या, मी यादीवर खूण करायचे. काही नावं खरोखर काढण्यासारखी निघाली. कोणी वारलेलं, कोणी नाशिकला गेलेलं, काहींचं नाव गावच्या यादीतही होतं, कारण ग्रामपंचायतीला काका उभे होते. पण असं घर दहात एखादं. बाकीच्या घरांत माणसं होती, ओळखपत्रं होती, आणि मतदान का केलं नाही म्हटलं की बायका एकमेकींकडे बघायच्या.

चौथ्या गल्लीत सुभद्राअक्का भेटल्या. सत्तरीच्या, एरंडोलजवळच्या खेड्यातल्या. मुलाकडे राहायला येऊन बारा वर्षं झालेली. ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या.

"अक्का, तुमचं नाव यादीत आहे. मतदानाला येत नाही का?"

"कशी येऊ माय? तो रस्ता कोन वलांडी?"

मतदान केंद्र जुन्या गावाच्या बाजूच्या शाळेत होतं. हायवेच्या त्या बाजूला, समोरच. अक्कांच्या ओट्यावरून शाळेचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं. नकाशावर आम्ही अंतर मोजलं तेव्हा ते अगदी नियमात बसलं होतं. मतदाराला दोन किलोमीटरपेक्षा जास्त चालायला लागू नये, असा नियम. हे अर्धा किलोमीटरही नव्हतं. फक्त मध्ये चौपदरी रस्ता आला होता आणि दुभाजकातली पूर्वीची वाट बुजवली होती. पुरुष मोटरसायकलने लांबच्या पुलाखालून वळसा घालून जायचे. बायकांनी पायी जायचं तर कमरेइतक्या भिंतीवर चढून पलीकडे उतरायचं.

"मग काही जणी सकाळी येतात त्या?"

"सात वाजता गाड्या कमी ऱ्हातस. जिले चढता येस ती जास." अक्कांनी शेंगांची परात बाजूला केली. "मनी जाऊ बी जाये. आत ये, दखाडस तुले."

आतल्या खोलीत खाटेवर त्यांची जाऊ बसली होती. इंदूबाई. साठीच्या असतील. एक पाय सरळ, एक थोडा आखूड. शेजारी वॉकर.

"मत दिसन येत व्हती," अक्का म्हणाल्या. "टेम्पोनी ठोकं. खुबा मोडना."

मत देऊन येत होती. मी विचारलं कधी. मागच्या निवडणुकीला. त्या दिवशी मी फोनवर होते. त्यांच्या केंद्राचा नऊ वाजताचा आकडा मी लिहून घेतला होता, त्यात ह्या होत्या.

"ऑफिसला कोणी कळवलं नाही?" मी उगाच विचारलं.

इंदूबाई हसल्या. "कोनले कळाडो, माय? माले तं दवाखानामा नेई राह्यतात. बोटनी शाई तेवढी ऱ्हायनी."

केंद्रापासून शंभर मीटरपर्यंतचं सगळं आमच्या अहवालात येतं. कोणी चिठ्ठी वाटली, कोणी घोषणा दिली, कुत्रं शिरलं तरी येतं. रस्ता शंभर मीटरच्या बाहेर होता. पोलिसांकडे तो अपघात होता. आमच्याकडे त्या दिवसाचा शेरा होता, 'मतदान शांततेत पार पडले.' त्या गल्लीतल्या बायका तेव्हापासून मतदानाचं नाव घेत नव्हत्या.

मी चहासाठी थांबले नाही. मंगलताईंना म्हटलं, चला, आपण जाऊन बघू. दुपारचे बारा वाजले होते. केळीचे ट्रक, कंटेनर, एसटी. मी साडीचा ओचा खोचून त्या भिंतीवर चढले आणि वर बसून राहिले. उतरायला जागाच मिळेना. मंगलताई मागून म्हणाल्या, "मॅडम, परत या, तुमचं रिटायरमेंट जवळ आलंय."

परत आले. गुडघा खरचटला. चौथ्या दिवशी अहवाल घेऊन साहेबांसमोर उभी राहिले.

साहेबांनी तो दोनदा वाचला. माणूस वाईट नव्हता. घाईत असायचा.

"पूर्वी उदासीनता लिहिलेलं आहे," ते म्हणाले. "ते कोणी लिहिलं?"

"मी."

"काय आधारावर?"

"कशाच्याच नाही, सर."

त्यांनी अहवालाचं शेवटचं पान उलटलं. मग म्हणाले, "काढायच्या नावांचे फॉर्म किती?"

"थोडे आहेत. पुराव्यासकट जोडलेत. बाकीच्यांवर मी सही करणार नाही. आणि नवीन मतदान केंद्राचा प्रस्ताव खाली आहे. रस्त्याच्या कॉलनीकडच्या बाजूला आरोग्य उपकेंद्र आहे, सरकारी आहे, रॅम्प आहे, खोली मोजलीय."

नवीन केंद्र करायचं तर राजकीय पक्षांच्या प्रतिनिधींची बैठक घ्यावी लागते. बैठक झाली. एरवी हे लोक एका टेबलावर पाणी पीत नाहीत. त्या दिवशी सगळ्यांचं एकमत झालं. नको.

एका पक्षाचे नाना म्हणाले, "मॅडम, जुनं केंद्र चांगलं आहे. लोकांना सवय झालीय."

"कोणाला, नाना? तिथे कोणी येत नाही."

दुसऱ्या पक्षाचे भाऊ जरा मोकळे होते. "खरं सांगू का, साहेब? त्या बाया कोणाला टाकतील काही सांगता येत नाही. इथे दर वेळी थोडक्यात निकाल लागतो. त्यांचा इतिहासच नाही आपल्याकडे. मग कशाला ऐनवेळी?"

नानांनी मान डोलावली. त्यांनी भाऊंच्या बोलण्यावर मान डोलावलेली मी पहिल्यांदा पाहिली.

साहेब माझ्याकडे बघू लागले. हरकत आली की प्रस्ताव मागे ठेवायचा, ही ऑफिसची सवय. पण नियम असा आहे की पक्षांचं म्हणणं ऐकायचं असतं, त्यांची परवानगी लागत नाही. मी प्रत्येकासमोर एक कोरा कागद ठेवला.

"हरकत लेखी द्या," मी म्हणाले. "एवढंच लिहा की बायकांनी हायवेची भिंत चढूनच मतदानाला यावं असं आमच्या पक्षाचं मत आहे. खाली सही आणि शिक्का. मी फाइलला लावते. फाइल कोणालाही मागता येते."

कोणी पेन काढलं नाही. नाना म्हणाले, "आमची हरकत नाही, आम्ही फक्त चर्चा करत होतो." साहेबांनी इतिवृत्तात लिहायला सांगितलं, 'सर्वानुमते मंजूर.' पुढे प्रस्ताव वर गेला, दोनदा परत आला, एकदा नकाशाचा रंग चुकला म्हणून. मंजुरी आली ती निवडणूक जाहीर व्हायच्या जेमतेम आधी.

मतदानाच्या दिवशी मी नेहमीप्रमाणे फोनवर होते. नऊ वाजताचा आकडा आला. पुरुष बरे, स्त्रिया फार नाहीत. साहेब येऊन रजिस्टरवर नजर टाकून गेले.

अकरा वाजताही विशेष नव्हतं.

एक वाजता केंद्राध्यक्षाचा फोन आला. नाशिकचा कोणी प्राध्यापक होता. आवाज वैतागलेला. "मॅडम, इथे बायकांची रांग गेटच्या बाहेर गेलीय. अजून एक पोलीस पाठवा. आणि एका बाईंना खुर्चीत बसवून उचलून आणलंय, त्यांना रांगेत उभं करू की आधी सोडू?"

"आधी सोडा. नाव काय?"

त्याने विचारून सांगितलं. इंदूबाई.

मी स्त्रियांचा आकडा लिहिला. जवळच्या कारकुनाने पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, एक शून्य जास्त पडलं का?" मी फोन लावून खात्री केली. शून्य बरोबर होतं.

त्या वेळी भाग १४७ मतदारसंघात पहिला आला नाही. मधोमध आला, चारचौघांसारखा. निकाल लागल्यावर नाना आणि भाऊ दोघांनीही केंद्रनिहाय आकडे मागून नेले. तिथली मतं दोन्ही पक्षांत जवळपास सारखी वाटली गेली होती. भाऊ म्हणाले, "उगाच घाबरलो की." नानांचा उमेदवार पडला होता. पण ह्या भागामुळे नाही, नानांच्या स्वतःच्या गल्लीमुळे.

दोन महिन्यांनी मी रिटायर झाले. त्याआधी एकदा त्या बाजूला गेले होते. अक्का ओट्यावरच होत्या. म्हणाल्या, "मत देवानं काम चांगलं व्हयनं, माय. आते बाजारबी अठेच आना."

"अक्का, ते आमच्या शाखेकडे नाही."

"मंग कोनाकडे शे?"

रस्त्याच्या खात्याला दुभाजकाबद्दल मी दोन पत्रं पाठवली होती. एकाचं उत्तर आलं, की ठिकाणाची पाहणी केली असता पादचाऱ्यांची वर्दळ आढळली नाही. कोणी ओलांडतच नाही, तर वाट कशाला सोडायची.

मी ते पत्र फाइलला लावलं आणि खाली शेरा लिहिला, 'पाहणी ओलांडणाऱ्यांची झाली आहे. न ओलांडणाऱ्यांची व्हावी.' माझ्या जागी जे आले त्यांना बजावून सांगितलं आहे की दर महिन्याला स्मरणपत्र पाठवत जा. सरकारी कामात माणूस बदलतो, पण जावक क्रमांक पडलेलं पत्र सहजासहजी मरत नाही.