डावी सीट

विमानाच्या इंधनाचा वास आला की आमच्या बिरसी गावच्या विमानतळाच्या धावपट्टीवरची ती सकाळ आठवते. मी आणि तो, दोघे बिरसीचेच जुने मित्र, पण वैमानिक झालो दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांत. नागपूर विमानतळावर भेटलो की मी चिडवायचो, "काऊन बे, तुमचा पगार झाला का?" तो म्हणायचा, "पगार उशिरा होते, पण कप्तान मी तुझ्याआधी झालो." मग त्याची कंपनी बुडाली. तो आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या कप्तानाच्या हुद्द्यासाठी मी आमच्या कंपनीच्या साहेबांशी टेबल आपटून भांडलो, तरी त्यांनी त्याला सहवैमानिकच केलं. त्या सकाळी तो सवयीने कप्तानाच्या डाव्या सीटवर बसला. मला पाहताच उठला, "बसा सर," म्हणाला आणि उजवीकडे सरकला. "सर कायले म्हणून राहिला?" मी चिडलोच. बेल्ट बांधत तो म्हणाला, "आता आपली कंपनी एकच आहे ना." त्या साहेबांना मी अजून माफ केलेलं नाही.