फळ्यावरचा ‘तोटा’

सकाळचे सहा चाळीस. तुमसरच्या धान्यबाजारात फाटकाजवळच्या काळ्या फळ्यावर जागेश्वर रामटेके ओलं फडकं फिरवत आहेत. वय पासष्टच्या पुढे. फळ्याच्या मधोमध रंगवलेली आडवी रेघ. वर बातम्या, खाली धानाचे भाव. भाव आता मोबाइलवर आधीच कळतात. तरी हमाल चहाचा ग्लास घेऊन इथेच येऊन उभे राहतात.

एके काळी बाजाराचं वर्तमानपत्र म्हणजे हा फळाच. नागपूरचा पेपर तुमसर रोड स्टेशनला उतरायचा आणि तिथून सायकलवर यायचा. जागेश्वर तेव्हा एका अडत्याकडे वजनकाट्यावर होते. अक्षर वळणदार, म्हणून फळा त्यांच्या हाती आला. पेपरातली जड भाषा ते बाजाराच्या बोलीत आणायचे. पावसाची ‘आवक’, पुढाऱ्याची ‘मंदी’. अडते वाचून हसायचे, शेतकरी दोनदा वाचायचे.

१९९९ च्या उन्हाळ्यात कारगिलची लढाई पेटली, तेव्हाही रीत तीच राहिली. परत मिळालेली ठाणी ‘आवक’, मागे सरणारा शत्रू ‘मंदीत’. जूनमधल्या एका सकाळी त्यांनी लिहिलं : ‘आपला तोटा – तीन जवान.’ पेपरात आकडा होता, नावं नव्हती.

बाजारात सांडलेलं धान झाडून पाखडणाऱ्या ललिताबाई रोज फळ्यासमोर थांबायच्या. त्यांचा भोजराज सैन्यात होता, त्याच डोंगरांत, आणि बरेच दिवस त्याचं पत्र आलं नव्हतं. त्यांना वाचता येत नसे. जागेश्वर वाचून दाखवत.

“का लिवलं गा आज?”

“तीन जवान गेले, बाई.”

“तसं नाई. लिवलं तसं वाच.”

त्यांनी वाचलं. ललिताबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

“तोटा त या धानाचा होते गा. त्या तिघायले नावं नाई का? माहा भोजराज हाये का त्यात?”

“पेपरात नावं नाई वो बाई.”

“मंग इचारून ये.”

श्यामराव हमाल मध्येच म्हणाला, “आता याले दिल्लीले धाडता का?”

“तू पोतं उचल. तुले कोणी इचारलं?”

जागेश्वरांनी ती ओळ पुसली. खालचे भाव लिहायचे राहिलेच. ते चौकातल्या एसटीडी बूथवर गेले आणि पेपरच्या भंडाऱ्याच्या कार्यालयात फोन लावला. तिथल्या माणसाने नागपूरला विचारून सांगतो म्हटलं. जागेश्वर बूथबाहेरच्या बाकावर बसून राहिले. इकडे लिलाव सुरू झाला होता आणि अडते फळ्यावरच्या भावांच्या कोऱ्या जागेकडे पाहून त्यांच्या नावाने ओरडत होते.

दुपारी नावं मिळाली. त्यात भोजराज नव्हता.

ललिताबाई धानाच्या ढिगाऱ्याला टेकून बसल्या. मग म्हणाल्या, “आता थे तिघं कोण, थे लिव.”

वरच्या भागात इतर बातम्या होत्या; पुसलेल्या एका ओळीच्या जागेत सगळं मावत नव्हतं. जागेश्वरांनी रेघेखाली, भावाच्या जागी, तिन्ही नावं गावांसकट लिहिली. त्या दिवशी फळ्यावर भाव लागला नाही. संध्याकाळी त्यांच्या अडत्याने चार शब्द सुनावले. नावं पुसा मात्र तोही म्हणाला नाही.

तेव्हापासून लढाईच्या बातमीत बाजाराचा शब्द नाही. माणूस गेला असेल तर नाव हवं. नाव कळलं नसेल तर तेवढी जागा कोरी. मध्यंतरी सीमेवर पुन्हा गोळीबार झाला, तेव्हा एका तरुण अडत्याने डिवचलं, “बाबाजी, लिवा ना जुन्यासारखं. मजा येत होती म्हणतात.”

“तुह्या धानाचं लिवतो, खाली,” जागेश्वर म्हणाले.

ललिताबाई आता मोहाडीला घरीच असतात. डोळ्यांना कमी दिसतं. भोजराज सैन्यातून निवृत्त होऊन बाजाराजवळच्या एका राइस मिलमध्ये रात्रपाळीचा पहारेकरी आहे. पाळी संपली की तो फळ्यासमोर येतो, आईला फोन लावतो आणि वरपासून खालपर्यंत वाचून दाखवतो. तो कुठे शब्द बदलू लागला, की फोनमधून आवाज येतो, “लिवलं तसं वाच.”

उद्या रविवार, बाजार बंद. रेघेखाली काही लिहिलं जाणार नाही. वरच्या बातम्या मात्र सातच्या आत लागतील. भोजराजची पाळी सातला सुटते.